शंभरदा क्षमा मागितली, तरी ओझं का उतरत नाही?

"देवाजवळ शंभरदा क्षमा मागितली, तरी मनावरचं ओझं जात नाही. देवानं मला क्षमा केलीच नाही का?" मोहननगर, सदर, मेकोसाबाग, जरीपटका अशा नागपुरातल्या वस्त्यांमधल्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न सारखा येतो. काहींना तर आपल्या हातून अक्षम्य पाप घडल्याची धास्ती असते. बायबलमधल्या मत्तयाच्या 12व्या अध्यायातलं, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला म्हणजे निंदेला क्षमा नाही, हे वचन त्यांनी वाचलेलं असतं. पण ते वचन, येशूचं काम डोळ्यांनी पाहूनही ते सैतानाचं ठरवणाऱ्यांना उद्देशून आहे. क्षमेसाठी ज्याचा जीव तळमळतो, तो त्यांतला नाही. ही धास्ती बहुधा लवकर जाते. ओझं मात्र तसं जात नाही.

एका परिचारिकेची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळीस, तीन वर्षं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद, घेतलेलं नाही. मंडळी पुढे जायची, तेव्हा या मागच्या बाकावर मान खाली घालून बसायच्या.

"आई गेली त्या रात्री मी ड्यूटीवर होते, मॅडम. पास्टरांबरोबर प्रार्थना केली, उपास केले. भोगल्याशिवाय फिटतच नसेल."

"आईची तब्येत बिघडेल, असं कुणी म्हणालं होतं?"

"नाही. संध्याकाळी वाटीभर दलिया खाल्ला तिनं. निघताना मलाच म्हणाली, स्वेटर घे, थंडी आहे."

"मग ताई, यात देवाची कुठली आज्ञा मोडली?"

त्यांना उत्तर सापडेना. सापडणार कसं? ते दुःख होतं, पाप नव्हतं. जे पाप नाही, त्याची क्षमा कितीही मागितली तरी 'मिळाली' असं वाटत नाही, कारण तिथं क्षमा करण्यासारखं काही नसतं. दुःखाला सांत्वन लागतं. पण इतक्यानं त्या हलक्या झाल्या नाहीत, म्हणजे आत आणखी काही असणार.

पुढच्या भेटींत एक गोष्ट लक्षात आली. आईचं नाव निघालं की त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर जायचा आणि तिथं नसलेलं काहीतरी फिरवायचा.

"आईच्या हातात काय असायचं?"

बराच वेळ त्या पंख्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाटल्या. दहा-दहा ग्रॅमच्या दोन. माझ्या कपाटात आहेत. धाकट्या बहिणीला सांगितलं, आजारपणात मोडल्या म्हणून."

त्या खूप रडल्या. तीन वर्षांत ही गोष्ट त्यांनी एकाही प्रार्थनेत काढली नव्हती. आईच्या मरणाच्या दोषाची क्षमा रोज मागायची, म्हणजे पाटल्यांपर्यंत जायलाच नको. खोटा अपराध असा खऱ्या अपराधावर पांघरूण घालतो. खरा अपराध कोणता आणि खोटा कोणता, सगळं समुपदेशन या एका निवाड्यावर उभं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मराठी बायबलात, 1 योहान 1:9 मध्ये, 'पापे पदरी घेणे' असा शब्दप्रयोग आहे. कबुलीला याहून नेमका शब्द नाही. पदरात आपलं तेवढंच घ्यायचं. या बाईंनी जे आपलं नव्हतं ते पदरी घेतलं होतं, आणि आपलं होतं ते कपाटात ठेवलं होतं.

पुढचं काम व्यवहाराचं होतं. बायबलातल्या गणना या पुस्तकात (5:7) क्रम स्पष्ट आहे: आधी कबुली, मग पूर्ण भरपाई, वर पाचवा हिस्सा. धाकटीचा वाटा एक पाटली, दहा ग्रॅम. पाचवा हिस्सा दोन ग्रॅम. त्यांनी इतवारीच्या सराफ्यातून दोन ग्रॅमचं वेढं घेतलं. यानं क्षमा विकत मिळते असा समज मात्र होऊ द्यायचा नाही. येशू जकातदार जक्कयाच्या घरी राहायला निघाला तो आधी, चौपट परत देण्याचं वचन जक्कयानं दिलं ते नंतर. येशूच्या दाखल्यातल्या, बापाकडे परतणाऱ्या उधळ्या पुत्रानं घोकलेल्या वाक्यांतलं शेवटचं, 'मला चाकर म्हणून ठेवा', हे तर बापासमोर बोलायची वेळच आली नाही. बापानं त्याआधीच झगा मागवला.

माणसासमोर कबुली देताना तीन ठिकाणी घसरायला होतं. "तुला वाईट वाटलं असेल तर" असं म्हटलं की दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. कारणं जोडली की कबुलीचा खुलासा होतो. आणि "माफ केलंस ना?" असं लगेच विचारलं, तर आपलं ओझं समोरच्याच्या डोक्यावर जातं. बाईंनी चार वाक्यं कागदावर लिहिली: पाटल्या मोडल्या नव्हत्या. मी खोटं बोलले. ही तुझी. तुला राग येणं बरोबर आहे.

एक सावधगिरी. तेच पाप दिवसातून दहादा कबूल करावंसं वाटणं, क्षणभर सुटका आणि पुन्हा शंका, हे चक्र वेगळं असतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना कबुलीला तासन्‌तास बसायचा, आणि त्याचे गुरू स्टाउपिट्झ त्याला पुन्हापुन्हा ख्रिस्ताकडे बघ म्हणायचे. आज असं कुणी आलं, किंवा झोप-भूक उडाली, मरणाचे विचार येऊ लागले, तर प्रार्थनेसोबत मनोविकारतज्ज्ञही हवा. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, तो विभाग आहे. तिथं जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

बाई शनिवारी कामठीला गेल्या. धाकटीनं पाटली हातात घेतली, आतल्या बाजूचा आईच्या नावाचा ठसा अंगठ्यानं चाचपला आणि आत निघून गेली. चहाही विचारला नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी या मागच्या बाकावरून उठल्या आणि पुढे गेल्या. धाकटीचा फोन अजून आलेला नाही.