डबल मार्करमध्ये बाळ ‘लो रिस्क’, पण पॅप-ए कमी; आईला काही धोका असतो का?

आपला प्रश्न असा आहे की, बाराव्या आठवड्यातील डबल मार्कर या रक्तचाचणीत डाऊन सिंड्रोमचा धोका कमी आला, मात्र पॅप-ए ०.३५ एमओएम, म्हणजे त्या आठवड्यातील मध्यम पातळीच्या ०.३५ पट, आहे. तेव्हा आपल्या स्वतःच्या प्रकृतीची काळजी करावी का. मी प्रसूतिशास्त्राची डॉक्टर आहे. ‘लो रिस्क’ एवढे वाचले की बहुतेक घरांत अहवाल फाईलला लागतो, म्हणून आपण विचारलेत हे बरे झाले.

पॅप-ए हे प्रथिन वारेत तयार होते. वाढीला चालना देणारे घटक ज्या प्रथिनाने बांधून ठेवलेले असतात, त्याला तोडून ते हे घटक मोकळे करते. त्यामुळे ही पातळी ०.४ च्या आसपास किंवा खाली असली, तर वार गर्भाशयात हवी तितकी खोल रुजली नसावी अशी शंका घेता येते, आणि अशा वारेमुळे पुढे बाळाची वाढ मंदावणे किंवा आईला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत वा मेंदूवर ताण येणे, हे घडू शकते. तरीही पॅप-ए कमी असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना प्रीएक्लॅम्प्सिया होत नाही. एकट्या या आकड्यावरून निदान करणे चुकीचे ठरेल.

प्रथम अहवालाचा वरचा भाग पाहा. तेथे वजन, सोनोग्राफीतील बाळाची लांबी, मधुमेह, धूम्रपान आणि गर्भधारणा आयव्हीएफने झाली का, याच्या नोंदी असतात. एमओएम याच माहितीवरून काढतात, त्यामुळे वजन किंवा आठवडे चुकीचे भरले गेले असतील तर आकडाही चुकतो आणि गणित पुन्हा करून घ्यावे लागते.

नोंदी बरोबर असतील, तर रक्तदाब, गर्भाशयाच्या रोहिण्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) आणि शक्य असल्यास पीएलजीएफ या वारेतून येणाऱ्या, रक्तवाहिन्यांच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रथिनाची रक्तचाचणी यांचा एकत्रित हिशेब करता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. अशाच हिशेबाने धोका जास्त ठरलेल्या स्त्रियांवरील ‘ॲस्प्री’ या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या गटात ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण १.६ टक्के होते, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात ४.३ टक्के. म्हणून हा निर्णय सोळाव्या आठवड्याच्या आत व्हायला हवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये, कारण दमा, अल्सर किंवा ॲलर्जी असल्यास ती चालतेच असे नाही.

पुढे लक्षणांवरून शंका आली, तर एसफ्लिट-१ (पीएलजीएफला अडवणारे प्रथिन) आणि पीएलजीएफ यांचे रक्तातील गुणोत्तर पाहता येते. ते ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढचा आठवडाभर प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फारच कमी असते. ही चाचणी सगळीकडे होत नाही, पण रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी ठेवता येते. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर त्याच दिवशी दाखवा, आणि १६०/११० असेल तर तडक रुग्णालयात जा.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. डोके ठणकते, उजव्या बरगडीखाली दुखते, उलटी होते आणि घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय, जरा पड.’ पित्त असेलही. पण विसाव्या आठवड्यानंतर या तक्रारींसोबत डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा चेहरा एकाएकी सुजला असेल, तर रक्तदाब मोजल्याशिवाय पित्ताची गोळी घेऊन झोपू नये. यकृतावर ताण येऊन प्लेटलेट्स घसरतात, तेव्हाही सुरुवात अशाच दुखण्याने होऊ शकते.

पहिले बाळंतपण माहेरी करायचे ठरले असल्यास डबल मार्करचा अहवाल सोबत न्या आणि पॅप-ए कमी असल्याचे तेथील डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांना एरवी फक्त अलीकडची सोनोग्राफी दाखवली जाते. तिसऱ्या तिमाहीत बाळाच्या वाढीची सोनोग्राफी चुकवू नका, आणि बाळंतपणानंतरही रक्तदाब मोजत राहा, कारण प्रीएक्लॅम्प्सिया प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतही उद्भवू शकतो.