आधी डबी, मग गोळी

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, गेल्यावर चार थेंब, ओटीपोटात दुखणं, आणि अभ्यासिकेतून रूमवर पोचेपर्यंत कपडे ओले होतील ही धास्ती. दिवाळीपासून हे तिसऱ्यांदा. एवढं सगळं लिहून शेवटी विचारतेस काय, तर रूममेटकडच्या उरलेल्या गोळ्या चालू ठेवू की मेडिकलमधून दुसऱ्या आणू.

यातलं काहीच करू नकोस. पुढची गोळी तोंडात टाकायच्या आधी डॉक्टरकडे जा आणि लघवीची डबी कल्चरला दे, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला. आधी डबी, मग गोळी. हेच मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तू कंटाळलीस तरी.

'लाजू नकोस' असं मी लिहिणार नाही. लाज वाटणारच. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी या डब्या हाताळण्यात गेली, आणि खिडकीशी आलेली बाई मान वर करून बोलली असं क्वचितच झालं. पदराखाली, वर्तमानपत्रात, काळ्या पिशवीत, बाळाच्या दुपट्यात गुंडाळून डबी यायची. लाज सरायची वाट बघत घरी बसलेल्या बायका उशिरा यायच्या आणि वॉर्डात भरती व्हायच्या. लाजत लाजत का होईना, लवकर आलेल्या बऱ्या होऊन जायच्या. तेव्हा लाज असू दे तुझ्याजवळ, ती घेऊनच जा.

आधी हे समजून घे की तुझी लक्षणं मूत्रमार्गाच्या संसर्गाची आहेत, आणि तो करणारा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यात राहणारा. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषाची २० च्या आसपास. आपल्या बाबतीत त्याला मूत्राशयापर्यंत पोचायला फारसे कष्ट पडत नाहीत. निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. 'मी अशी काय वागले' हा तुझ्या मेसेजमधला प्रश्न मला मुळीच आवडला नाही. तो पुन्हा विचारू नकोस.

आता गोळीचं. तू डबी दिलीस की लॅबमध्ये लूपने, म्हणजे बारीक तारेच्या कडीने, तिच्यातला ठरावीक थेंब जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरतात आणि प्लेट ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी जंतूंचे ठिपके उगवलेले दिसतात, ते मोजायचे, जंतू ओळखायचा. मग त्याच जंतूवर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडला, ते औषध त्याला मारतं. रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे 'एस' येतं, निरुपयोगी औषधापुढे 'आर'. दोन-तीन दिवस लागतात. पण तू आधीच दोन-चार गोळ्या घेतल्या असशील तर बऱ्याचदा जंतू अर्धमेला झालेला असतो, प्लेटवर उगवतच नाही, आणि रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ'. बाई तो कागद घेऊन 'काही निघालं नाही' म्हणत समाधानाने घरी जाते, आणि महिन्याभराने पुन्हा खिडकीशी उभी राहते. हे मी इतकं पाहिलंय की आता मला त्याचा रागच येतो.

मी नोकरीला लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती मोठे स्वच्छ गोल पडायचे. निवृत्त झाले तेव्हा जंतू त्या चकतीला चिकटून उगवत होता. आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, अहवालही तेच सांगतात: आपल्या देशात तपासलेल्या ई. कोलायच्या बहुतेक नमुन्यांवर हे औषध आता चालत नाही. रूममेटने तुला दिलेली गोळी त्याच जातीची आहे. तिला ती लागू पडली असेल, पण तुझ्या मूत्राशयातला जंतू तिच्या मूत्राशयातला नाही. त्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे बघ. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा तिचा अर्थ. विकतात, हे मलाही माहीत आहे. तू घेऊ नकोस.

तू म्हणशील, मावशी लॅबवाल्या, त्यांना सगळीकडे डबीच दिसते. बरोबर आहे. एखादीला पहिल्यांदाच साधा त्रास झाला, ताप नाही, पोटात बाळ नाही, तर डॉक्टर नुसती लक्षणं विचारून गोळी देतात आणि त्यात काही चूक नसते. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की तो वारंवार होणारा संसर्ग धरतात, आणि मग कल्चर लागतंच. तू त्या रेघेच्या पलीकडे गेली आहेस.

माझा हा हट्ट कुठून आला ते सांगते. माझी थोरली बहीण तालुक्याच्या गावी दिली होती. एकत्र कुटुंब, संडास अंगणापलीकडे. तिला हाच त्रास होता आणि ती घरात सांगायची 'पोटात दुखतं'. दीर मेडिकलमधून पोटाच्या म्हणून गोळ्या आणून द्यायचा, चार दिवस बरं वाटायचं. अशी दोनेक वर्षं गेली. गौरी-गणपतीला ती माझ्याकडे येऊन राहायची, मी तिच्यासमोर डबा भरून लॅबला जायची, आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही. अखेर थंडी वाजून ताप भरला, कुशीत हात लावू देईना, तेव्हा तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. तिचं सॅम्पल माझ्याच टेबलावर आलं. दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं काठापर्यंत पसरलेली, आणि तो उग्र वास. प्रोटियस. हा जंतू लघवीतला युरिया फोडतो, लघवी अल्कधर्मी करतो आणि त्यातून खडे धरतात. ज्या लघवीत प्रोटियस निघतो त्या बाईच्या किडनीत खडा आहे का, हे बघायचं असतं. सोनोग्राफीत तिची डावी किडनी खड्याने पूर्ण भरलेली दिसली. किडनी काढावी लागली.

पहिल्या वर्षी एक डबी दिली असती तर तो प्रोटियस तेव्हाच दिसला असता, आणि खडा लहान असताना सापडला असता. माझ्या बहिणीला माझ्याजवळही बोलता आलं नाही, हा सल अजून गेलेला नाही. ती आज ठीक आहे, नातवंडं सांभाळते. पण त्यानंतर मी खिडकीशी कुणालाच सोडलं नाही. औषधाच्या जुन्या बाटलीत लघवी आणली तर परत पाठवायची. गोड सिरपच्या बाटलीतून आलेल्या लघवीत साखर निघते आणि भल्या बाईला उगाच मधुमेह चिकटतो. सॅम्पल कसं धरायचं ते मी प्रत्येकीला बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत सांगायची. आमच्यातल्याच काही जणींना ते निर्लज्जपणाचं वाटायचं. लॅबशेजारच्या संडासाला आतून कडी बसवून घेण्यासाठी मी इतके अर्ज केले की मला खडूस बाई हे नाव पडलं. पडू दे. कडी बसली. कडी नसलेल्या दाराआड कुठल्या बाईला नीट सॅम्पल देता येईल?

तर नीट सॅम्पल म्हणजे काय ते ऐक. लॅबमधून स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, डबी माग आणि 'युरीन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी' असंच म्हण. नुसतं 'युरीन टेस्ट' म्हटलंस तर रुटीन करून तासाभरात कागद हातात ठेवतील. त्यात पस सेल्स (पूच्या पेशी) कळतात, जंतू कोण ते कळत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर मूत्राशयात तीन-चार तास साठलेली. पुढून मागे असं पाण्याने धू. पहिली धार सोडून दे, मधली डबीत घे, आतल्या बाजूला बोट लावू नकोस, झाकण घट्ट लाव. पाळी चालू असेल तर सांग. दोन तासांत डबी लॅबमध्ये पोचायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी लागते. कॉट बेसिसवर राहतेस, तिथल्या सामायिक फ्रिजमध्ये ती ठेवायचं धाडस तुला होणार नाही, म्हणून लॅबमध्ये जाऊनच दे. आणि आतापर्यंत कुठल्या गोळ्या घेतल्यास त्याची स्ट्रिप दाखव. ते लपवलंस तर रिपोर्टचा अर्थ लागणार नाही.

रिपोर्ट कुठे पाठवायचा असं काउंटरवर विचारतील तेव्हा स्वतःचा नंबर दे. घरचा नंबर सवयीने दिला जातो आणि मग पीडीएफ वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन पडते. तू अठराच्या पुढची आहेस, तपासणीला कुणाची परवानगी लागत नाही.

डॉक्टर कुठले, हे विचारलंस. एमबीबीएस फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात कर, किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ बघ. गरज लागली तर ते युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाकडे, पाठवतील. तो फक्त पुरुषांचा डॉक्टर असतो हा समज डोक्यातून काढ. पैशांची अडचण असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात केस पेपर काढ. बाहेर बसलेला कंपाउंडर सगळ्यांसमोर 'काय होतंय' विचारेल. त्याला 'डॉक्टरांनाच सांगते' म्हण. आत गेल्यावर जीभ अडखळली तर कागद पुढे कर. आजच लिही: कधीपासून, कितव्यांदा, रक्त दिसलं का, ताप, उलटी, अंगावरून पांढरं किंवा वास येणारं जातं का, आतापर्यंतच्या गोळ्या. या कागदाने माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींचं काम केलंय.

'लग्न झालंय का?' हा प्रश्न येईल. तुला त्याचीच सगळ्यात जास्त भीती आहे, हे मेसेजमधून न लिहिताही दिसतं. शरीरसंबंधांनंतर हा संसर्ग जास्त होतो, गरोदरपणात औषधं बदलतात, आणि काही वेगळे संसर्गही अशीच जळजळ करतात, म्हणून ते विचारतात. खरं उत्तर दे, जे असेल ते. कोणी सोबत असेल तर तिला बाहेर थांबायला सांग. कोणताही संबंध नसलेल्या मुलींनाही हा त्रास होतो, माझ्या टेबलावर शाळकरी मुलींच्या डब्या यायच्या. आणि एखाद्या डॉक्टरने प्रश्नाऐवजी प्रवचन दिलं तर उठून दुसऱ्याकडे जा. पण डबी देऊन जा.

आईला तू थोडं सांगितलंस आणि ती म्हणाली, उन्हाळी लागली असेल, धन्या-जिऱ्याचं पाणी पी, सब्जा घे. पी की. कडक उन्हात लघवी घट्ट होऊन जळजळते हे खरं आहे, त्या पाण्याने बरंही वाटतं. पण डिसेंबरात कसली उन्हाळी, बाळा?

पाणी मात्र तू मुद्दाम पीत नाहीस, हे मी ओळखलं. अभ्यासिकेत दीडशे मुलांमागे एक संडास, त्याचं दार नीट लागत नाही, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवून बसायचं. मुंबईत बायकांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' म्हणून लघवीच्या हक्काची, सार्वजनिक संडासांसाठीची मोहीम उभी केली ती याच दुखण्यासाठी, आणि पुण्यातल्या पेठांत फी घेऊन बसवलेल्या मुलींना अजून हीच वागणूक मिळते. याचा मला संताप येतो. चौघीजणी मिळून मालकाला लेखी द्या. तोवर जवळच्या मेसचा, मैत्रिणीच्या रूमचा संडास वापर, पण दर तीन-चार तासांनी जा आणि घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामं कर. कमी पाणी पिणाऱ्या आणि हा त्रास वारंवार होणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं, तेव्हा त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला, हे २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं. पाणी वाढव. ते डबी देऊन झाल्यावर. देण्याआधी लिटरभर पिऊन लघवी पातळ करू नकोस.

रिपोर्टवर १ लाखाचा आकडा दिसेल किंवा दिसणार नाही. मिलिलिटरभर लघवीत एवढे जंतू निघाले की संसर्ग नक्की धरायचा, अशी ही मर्यादा. ती एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आली. जळजळ होत असलेल्या बाईत त्याहून कमी आकडाही महत्त्वाचा असू शकतो, म्हणून 'नॉन-सिग्निफिकंट' वाचून घरी परतायचं नाही, कागद डॉक्टरांना दाखवायचा. काहीच उगवलं नाही आणि त्रास आहे, तरीही परत जायचं. मग खडा, योनीमार्गाचा संसर्ग, साखर असं बाकीचं शोधावं लागतं. मनाचे खेळ म्हणून सोडून द्यायचं नाही.

एका गोष्टीत मात्र थांबायला जागा नाही. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, यातलं काहीही झालं तर तो संसर्ग किडनीकडे चढत असू शकतो. अशा वेळी रात्र असो की परीक्षा, मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथेही डबी आधी, पण ती पाच मिनिटांत देऊन होते. औषध लगेच सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघत तापात बसायचं नाही. आणि डॉक्टरांनी दिलेला कोर्स बरं वाटल्यावर मध्येच सोडायचा नाही. उरलेल्या गोळ्या कशा तयार होतात आणि कोणाच्या हातात जातात, हे तुला आता वेगळं सांगायला नको.

आज गुरुवार. उद्या सकाळी सातला लॅब उघडली की डबी दे, तिथून थेट डॉक्टरांकडे. शनिवारवर ढकललंस तर बऱ्याच छोट्या लॅब रविवारी बंद असतात, प्लेट वाचायला सोमवार उजाडेल. पूर्व परीक्षेच्या सराव पेपरची वेळ अकराची आहे ना? तोवर तुझं दोन्ही उरकतं.

तुझी,
मावशी