समाचाराला किती जणांनी जावे?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया बेळगावातील एका मोठ्या रुग्णालयात झाली. दुसऱ्याच दिवशी गावाकडची मंडळी वडाप करून समाचाराला आली. पण रखवालदाराने एका पासावर एकालाच सोडले, लहान नातवाला आत घेतले नाही आणि घरचा डबाही परत पाठवला. नियमांचा फलक कानडी व इंग्रजीत असल्याने आम्हांला काही उमगले नाही. ही अडवणूक नव्हे का?
– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या भागात समाचाराला न जाणे म्हणजे नाते तोडण्यासारखे मानतात आणि आपल्या माणसांच्या दर्शनाने रुग्णाला धीर येतो, हेही खरे, त्यामुळे आपले दुःख मी समजू शकतो. तरीही रखवालदाराचे चुकले, असे मला म्हणता येणार नाही.

शस्त्रक्रियेची ताजी जखम, सलाईनची सुई आणि लघवीची नळी या तिन्ही जंतूंना शरीरात शिरण्याच्या वाटा असतात. प्रवासात दांडा धरलेला हात खाटेच्या कठड्याला लागतो, तोच कठडा रुग्ण धरतो, आणि काही जंतू अशा कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतात. म्हणून आत जाताना व बाहेर पडताना हातांना जंतुनाशक द्रव (सॅनिटायझर) २० ते ३० सेकंद चोळावा किंवा साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच वापरावे, कारण जुलाबाचे काही जंतू त्या द्रवाने मरत नाहीत. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. ज्याला सर्दी, ताप किंवा जुलाब आहेत, त्याने फोनवरच विचारपूस करावी.

मुलांना वगळण्यामागेही कारण आहे. कांजिण्या अंगावर उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू लागतात. म्हणजे आपल्याला धडधाकट दिसणारे मूल शेजारच्या खाटेवरच्या अशक्त रुग्णासाठी धोक्याचे ठरू शकते. त्या रुग्णाचे नातेवाईक आपल्याला ठाऊक नसतात, पण पासाचा नियम त्यांच्याही माणसासाठी असतो. डब्याचे म्हणाल, तर पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगेपर्यंत घासभरही देऊ नये.

गर्दीचा त्रास कर्मचाऱ्यांनाही होतो. औषधाची मात्रा मोजणाऱ्या सिस्टरला चार जणांनी एकाच वेळी प्रश्न विचारले, तर चूक होण्याची भीती वाढते. म्हणून घरातील एकानेच डॉक्टरांशी बोलावे व इतरांना कळवावे. दारावरचा वाद हातघाईवर मात्र कधीही येऊ देऊ नये. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध कर्नाटकात २००९ चा स्वतंत्र कायदा आहे.

फलकाबाबत मात्र आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. खानापूर, निपाणीकडून इतके मराठी रुग्ण जेथे येतात, तेथे हे नियम मराठीतही लिहिलेले असावेत, अशी लेखी विनंती रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे अवश्य करावी. तोपर्यंत रुग्णाला दाखल करतानाच सिस्टरकडून भेटीची वेळ, पास आणि पथ्य विचारून घ्यावे.

प्रश्न : डायलिसिसवर असलेल्या भावाला भेटायला जाताना शहाळे न्यावे का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नेऊ नये. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. केळीही त्याच कारणाने टाळावीत. सफरचंदाच्या एक-दोन फोडी तुलनेने चालतात, पण त्याही तेथील आहारतज्ज्ञांना विचारूनच द्याव्यात.