सरपणाची उधई, घुण आणि पऱ्हाटीची गंजी: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (वरूड तालुका): बोअरचं पाणी गेलं म्हणून संत्र्याची जुनी बाग काढली. सगळं लाकूड फाडून गोठ्यामागे ढीग घातला आहे. खालून उधई लागली, काही लाकडांतून पिठासारखा भुसा पडतो. कृषी केंद्रवाल्यानं पावडर मारून वरून ताडपत्री गुंडाळायला सांगितलं. किती मात्रा घ्यावी?

उत्तर: मात्रा शून्य, भाऊ. अर्धा ढक्कन पण नाही. हे लाकूड चुलीत जाणार, त्यावर भाकरी होणार आणि धूर पहिले चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जाणार. जाळलं की औषध संपून जाते असं दुकानदार म्हणत असेल तर त्याला म्हणा, पहिले तुझ्या घरी जाळून दाखव. चुलीत जाळायच्या लाकडाला मारा असं कोणत्याच कीटकनाशकाच्या लेबलवर लिहिलेलं नाही, पावडर असो, क्लोरपायरीफॉस असो की आणखी काही. फोरेटचे दाणे तर 2020 संपता संपता बंदच झाले, तरी जुना माल कोणी काढून देत असेल तर हात लावू नका. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तीही उघड्या वावरात, इथं तर आपण चार भिंतीच्या आतल्या चुलीची गोष्ट करतोय.

उंदीर-सापासाठी ढिगात सल्फासच्या (धान्यातली कीड मारायच्या विषारी) गोळ्या टाका असा पण सल्ला फिरतो. बिलकुल नाही! ओल लागली की त्यातून जीवघेणा वायू निघतो आणि गोठा तिथंच चिकटून आहे तुमचा.

आता उधई का लागली ते पाहा. लाकूड मातीला टेकलंय म्हणून. उधई मातीतूनच नळी करत वर चढते, तिला ओल आणि अंधार पाहिजे, दोन्ही तुम्ही दिलं. ढीग उकला, नळ्या झाडून टाका, खाली विटा नाहीतर मोडलेले सिमेंटचे खांब टाकून अर्धा फूट उंच करा आणि त्यावर रचा. बस, एवढंच औषध. पिठासारखा भुसा पडतो ते घुणाचं काम, तो बाहेरचं कवळं लाकूड खातो, जळतनाचं त्यानं फार नुकसान होत नाही. फक्त बांबू, आढे, वासे त्याच्या शेजारी ठेवू नका, तिकडं गेला तर छताला महाग पडेल. साल सुटत असेल तर काढून टाका, ती लवकर जळते म्हणून पहिले वापरा. आणि संत्र्याचे मातीसकट बुडखे दुसऱ्या बागेच्या धुऱ्यावर नेऊन टाकू नका, डिंक्याची (खोडातून डिंक गळायच्या रोगाची) बुरशी त्या मातीतून जाते.

ताडपत्रीवर मी दरवेळी भांडतो. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास अर्धं वजन पाण्याचंच असते, ते पाणी बाहेर निघायला वारा लागतो आणि तुम्ही चारी बाजूनं गुंडाळता. सकाळी ताडपत्री उचलून खालून हात फिरवून पाहा, ओली लागेल. मग पांढरी बुरशी येते आणि माणूस परत दुकानात जाऊन बुरशीनाशक मागतो, तो देतो पण! फक्त वरून झाका, टिनाचे पत्रे दगड ठेवून दाबा, बाजू उघड्या राहू द्या. रांग एका लाकडाच्या रुंदीचीच लावा, भिंतीपासून हातभर सोडून, दोन्ही टोकांना आडवी-उभी थप्पी म्हणजे ढासळत नाही. कुटाराच्या गंजीपासून लांबच ठेवा, एका ठिणगीत दोन्ही जाते.

टायमिंगचं पण तेच. लोक मे महिन्याच्या शेवटी झाड पाडतात, मृग लागला की फाडतात आणि दिवाळीला विचारतात धूर का होतो. होळीच्या आत पाडा आणि लगेच फाडा, ओलं लाकूड कुऱ्हाडीला सोपं जाते, वाळलेली बाभूळ फाडून पाहा मग कळेल. सालीसकट गोल ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहते, कारण साल पाणी अडवते, म्हणून दीड फुटाचे तुकडे आणि मनगटाएवढ्या चिरफाळ्या करा, आपल्याकडचं 44-45 डिग्रीचं ऊन त्या दोन महिन्यात कडक करते. जाड गाठी पुढच्या वर्षासाठी वेगळ्या रचा. वाळलं का नाही ते असं पाहा: मधली एक चिरफाळी खुणेची ठेवा, दर आठ दिवसांनी काट्यावर तोला, वजन उतरायचं थांबलं की वाळलं. टोकाला चिरा पडतात, दोन लाकडं एकमेकांवर मारली की टणटण वाजतात. चुलीत टोकातून फेस आला, सूं सूं वाजलं, तर ते परत रांगेत.

प्रश्न (राळेगाव तालुका): लाकडासोबत पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पण वर्षभर पुरेल एवढी रचून ठेवली तर चालेल का?

उत्तर: नाही. त्या पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्यांमध्ये (न फुटलेल्या, किडक्या बोंडांमध्ये) गुलाबी बोंडअळी झोपून बसते आणि पावसासोबत पतंग होऊन तुमच्याच नवीन कपाशीवर येते, 2017 ला या अळीनं कपाशीचं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. कवड्या तोडून जाळा, पऱ्हाटी उन्हाळ्यातच चुलीत संपवा, लाकूड पावसाळ्यासाठी मागे ठेवा. उरलेली श्रेडरनं बारीक करून वावरातच घाला, मला तर हेच सगळ्यात पटते. गंजीवर फवारा मारला की अळी मरते म्हणतात ते पण खोटं, बोंडाच्या आत फवारा पोचत नाही.

झाड तोडण्याआधी परवानगीचं विचारून घ्या, सागवान-मोह-आंब्याला तर नक्कीच. गोबर गॅसच्या अनुदानाचं पंचायत समितीत विचारा, गॅस नसेल तर उज्ज्वलाचं एजन्सीत, कागदं तिथं सांगतील.

वरूडवाले भाऊ, पावडर घेऊन आलेच असाल तर पाकीट न फोडता परत द्या, आणि पक्कं बिल दिलं नसेल तर दुकानाचं नाव तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी द्या.