आधी रेशन, मग आधारचा पत्ता

कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांना मदत करणारे बचत गट, मंडळं, शिक्षक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांच्या प्रश्नांपैकी सहा या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एकच गाठ दिसते. एका कागदासाठी दुसरा लागतो, दुसऱ्यासाठी पहिला. म्हणून ज्याला नव्या पत्त्याचा पुरावा लागत नाही, ते काम आधी उरका.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या शेजारी बांधकाम मजुरांची वस्ती आहे. काही कुटुंबं बिहारची, काही नांदेड-परभणीची. रेशन दुकानदार म्हणतो, 'तुमचं कार्ड इथलं नाही.' कार्ड इथं बदलून घ्यावं का? (चाकण)

बदलू नका. 'एक देश एक रेशन कार्ड' योजना 2019 मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांत सुरू झाली आणि जून 2022 पर्यंत सगळ्या देशात लागू झाली. कार्ड कुठल्याही गावचं असो, अन्न सुरक्षा यादीत नाव असेल तर धान्य कोणत्याही रेशन दुकानात मिळतं. कार्ड हातात असायचीही गरज नाही. कार्डाचा किंवा आधारचा नंबर आणि दुकानातल्या पॉस (नोंद करणाऱ्या) मशीनवर अंगठा, एवढं पुरतं.

दुकानात जाण्याआधी घरीच तीन गोष्टी बघा. एक, कार्ड प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय गटातलं आहे का. पांढऱ्या कार्डावर किंवा यादीबाहेरच्या केशरी कार्डावर हे धान्य नाही. दोन, वस्तीत राहणाऱ्या माणसाचं आधार त्या कार्डाला जोडलेलं आहे का. तीन, त्याची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, झाली आहे का. 'मेरा राशन' ॲपवर ही माहिती कळते. दुकानदार 'मशीन घेत नाही' म्हणतो, तेव्हा खरी अडचण बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मुद्द्यात असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहून गेलेलं असणं, ही तर नेहमीची गोष्ट.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती वाटणीवरून. प्राधान्य कार्डावर माणशी महिना 5 किलो. पाच माणसांच्या कार्डावर 25 किलो. नवरा-बायको चाकणला आणि आई-वडील व मुलगी गावी असतील, तर इथं 10 किलो उचलायचे आणि 15 गावासाठी ठेवायचे. मशीन मात्र माणसं मोजत नाही, कार्डावर किती शिल्लक आहे तेवढं बघतं. गावी कुणी तीन तारखेलाच 25 किलो उचलले तर इथं शून्य दिसतं, आणि त्यात दुकानदाराचा दोष नसतो. इथं सगळं उचललं तर म्हातारी माणसं तिकडे रिकाम्या पिशवीनं परत फिरतात. महिना लागताच गावी फोन करून किलो ठरवून घ्या. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो ठरलेले असतात. तिथंही हाच हिशेब.

सिमेंट-चुन्यात काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. हात साबणानं धुऊन, कोरडे करून, थोडे चोळून गरम करा आणि अंगठ्याऐवजी दुसरं बोट लावा. दुकानात डोळ्यांचं स्कॅनर असेल तर ते वापरायला सांगा. तरीही जमलं नाही तर कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला पाठवा.

जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. पैसे मागितले तर मशीनची छापील पावती मागा. पावती मागितल्याबरोबर बराच सूर बदलतो. गहू-तांदळाचं प्रमाण इथल्या दुकानाप्रमाणे मिळेल. मूळ राज्य स्वतःच्या योजनेतून जे वेगळं देतं ते इथं मिळणार नाही. ते मिळेल असं सांगून लोकांच्या आशा वाढवू नका. तक्रारीसाठी 14445.

प्रश्न : घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही. करार नाही म्हणून आधारवर पत्ता बदलत नाही, पत्ता नाही म्हणून गॅस नाही आणि बँक खातं नाही. सुरुवात कुठून करायची? (नालासोपारा)

गॅस आणि बँक या दोन गोष्टींसाठी आधारचा पत्ता बदलायची गरजच नाही, आणि हे मदत करणाऱ्यांनाही माहीत नसतं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलला. आधारवर गावचा पत्ता असला तरी सध्याचा पत्ता स्वतःच्या सहीच्या घोषणापत्रावर देऊन बँक खातं उघडता येतं. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर शाखाधिकाऱ्याकडे जा आणि 'सध्याच्या पत्त्याचं स्वयंघोषणापत्र' असंच नाव घेऊन मागा.

गॅसचं दोन तऱ्हेनं जमतं. एकटे पुरुष एका खोलीत राहत असतील तर 5 किलोचा छोटा सिलिंडर बरा. गॅस एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. तो अनुदानाशिवायचा असल्यानं किलोमागे महाग पडतो, पण चौकात भरून मिळणाऱ्या बेकायदा टाकीपेक्षा हजार वाटांनी सुरक्षित. गरीब कुटुंबातल्या बाईच्या नावे घ्यायचं असेल आणि घरात आधी कनेक्शन नसेल तर उज्ज्वला 2.0 बघा. 2021 मध्ये आलेल्या या टप्प्यात स्थलांतरितांना पत्ता आणि कुटुंबाची माहिती स्वयंघोषणापत्रावर देता येते. नवी जोडणी त्या वेळी सुरू आहे का, एवढं एजन्सीत विचारून घ्या.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. '11 महिन्यांचा आहे, नोंदवायला नको' हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडं आणि अटी याबाबत उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. मालकाला हे शांतपणे सांगा, तो ऐकतो. खर्चाचा बाऊही करू नका. महिना 5,000 भाडं आणि 20,000 अनामत असेल तर 11 महिन्यांचं मुद्रांक शुल्क 200 रुपयांच्या पुढे जात नाही. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटाची हमाली वेगळी, ती आधी ठरवून घ्या. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पावती हा पत्त्याचा पुरावा नव्हे. ती मालकाची सुटका आहे, भाडेकरूची नाही.

मालक बधलाच नाही तर आधारसाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. नगरसेवक, आमदार, सरपंच किंवा राजपत्रित अधिकारी ते देऊ शकतात. लेटरहेडवरचं 'मी यांना ओळखतो' छाप पत्र परत येतं. आधारच्या संकेतस्थळावरचा नमुनाच छापा, सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येऊ द्या आणि तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वापरा.

एक सावधगिरी. सहा महिने राहून परत जाणाऱ्याचा पत्ता बदलू नका. गावचं घरकुल, जातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉब कार्ड, सगळं गावच्या पत्त्यावर उभं असतं. मतदार यादीचंही तेच. खरोखर इथं बिऱ्हाड केलेल्यांनी अर्ज क्रमांक 8 भरून नाव हलवावं. अर्ज क्रमांक 6 नव्या मतदारासाठी आहे. तो भरला की नाव दोन ठिकाणी येतं, आणि ते कायद्यात बसत नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर साखर कारखान्यावर बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुलांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो. वर्गात बसवू, पण पटावर घ्यायचं कसं? (मुख्याध्यापक, ता. शिरोळ)

दाखल्यासाठी थांबू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 सांगतं की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. कलम 14 जन्मदाखल्याबाबत तेच सांगतं. कलम 4 प्रमाणे मूल वयानुसार वर्गात बसवायचं. दहा वर्षांच्या मुलीला वाचता येत नाही म्हणून पहिलीत टाकलं तर ती आठवड्यात यायची थांबते.

मात्र उसतोडीच्या मुलांचा दाखला मुळात काढूच नये असं आमचं मत आहे. दाखला काढला की गावच्या पटावरून नाव जातं, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर, परत गेलेलं मूल कुठल्याच शाळेचं राहत नाही. यासाठीच शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शिक्षकानं टोळी निघण्याआधी ते भरून द्यायचं, तुम्ही त्यावर मुलाला बसवायचं, आणि जाताना इथली हजेरी व काय येतं ते लिहून परत द्यायचं. कार्ड विसरलं असेल तर टोळीच्या मुकादमाकडून गावाचं आणि शाळेचं नाव घ्या आणि त्या शाळेला फोन करा. मुलाची शाळांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद तिथूनच कळते. आधारवरून नवी नोंद करायला गेलात तर दुहेरी होते आणि दोन्ही शाळांना निस्तरावी लागते.

प्रवेश झाला तरी मुलं येत नाहीत, त्याची कारणं कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, जाऊन पाहिली तरच दिसतात. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, पहाटे तीन-चारला फडावर जातो. आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण मागे राहते, तिच्या कडेवर धाकटं. धाकट्याची सोय झाल्याशिवाय ती शाळेत येणार नाही. म्हणून शाळेआधी अंगणवाडी सेविकेला भेटा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथं गरम खाऊ मिळतो आणि ताई मोकळी होते. बहीण-भावाला एकाच वेळी सोडणं-नेणं जमावं म्हणून वेळा जुळवा. शालेय पोषण आहारात ही मुलं पहिल्या दिवसापासून धरा. खिचडीसाठी आलेलं मूल वर्गातही बसतं.

प्रश्न : वीटभट्टीवर सात महिन्यांची गरोदर बाई आली आहे. इथली अंगणवाडी तिचं नाव घेईल का? (भिवंडी)

घेईल, घ्यावंच लागतं. तिचं माता व बाल संरक्षण कार्ड, आधार आणि मोबाइल नंबर घेऊन सेविका आणि आशाताईंना भेटा. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर) गावच्या अंगणवाडीत नाव असेल तर ते इकडे हलवून घ्यायचं. नाहीतर नोंद अडकते आणि घरी न्यायचा आहार निघत नाही. कार्ड गावी राहिलं असेल तर त्याच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलवर मागवा. रक्तगट, हिमोग्लोबिन, झालेली इंजेक्शनं त्यात असतात. कुठल्या दवाखान्यात बाळंत होणार आणि रात्री गाडी कोण आणणार, हे आत्ताच ठरवा. 108 ला भट्टीचा पत्ता सांगणं अवघड जातं. जवळची शाळा किंवा मंदिर खूण म्हणून लिहून झोपडीत लावा.

बाळाच्या लशी सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला असतात. प्रवासात एखादी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नसते, राहिलेली पुढे द्यायची. 'आता उशीर झाला' म्हणून लोक बाळाला नेतच नाहीत.

प्रश्न : बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून देतो म्हणून एजंट दीड हजार मागतो. (पुणे)

नोंदणीची फी 1 रुपया आहे. अडतं ते 90 दिवसांच्या प्रमाणपत्रावर, आणि एजंट त्याचेच पैसे घेतो. मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचं ठेकेदार लिहून देतो. नाक्यावर उभं राहणाऱ्याला एक ठेकेदार नसतो. त्यानं ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जावं. वही ठेवायला लावा: तारीख, साइट, ठेकेदाराचा फोन. खोटं प्रमाणपत्र तपासणीत पकडलं की नोंदणी जाते, एजंट सापडत नाही.

प्रश्न : आमच्या शेजारचं सिंधी कुटुंब 2012 साली पाकिस्तानातून आलं. दीर्घकालीन व्हिसा आहे. नागरिकत्वासाठी आमची समाजाची पंचायत काय मदत करू शकते? (जरीपटका, नागपूर)

पंचायतीचं इथं खरंच काम आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या 11 मार्च 2024 ला आलेल्या नियमांप्रमाणे पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती ऑनलाइन अर्ज करू शकतात. अर्जदार कोणत्या धर्माचा हे सांगणारं पत्र स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेनं द्यायचं असतं. अर्जात जशी नावं आहेत त्याच स्पेलिंगनं ते द्या.

बाकी दोन ढीग करा. एकात तिथलं असल्याचा पुरावा : पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद असं काहीतरी. दुसऱ्यात 31 डिसेंबर 2014 पर्यंत इथं आल्याचा : व्हिसा, प्रवेशाचा शिक्का, परदेशी नागरिक नोंदणी असं काहीतरी. प्रत्येक ढिगातला एक कागद पुरतो, आणि मुदत संपलेला असला तरी चालतो. जुना पासपोर्ट 'आता काय कामाचा' म्हणून टाकून देऊ नका. अर्ज माणशी वेगळा, फी 50 रुपये. इथं जन्मलेली मुलं आपोआप नागरिक होतात असं समजू नका. आई-वडील दोघंही परदेशी नागरिक असताना जन्मलेल्या मुलाचाही अर्ज करावा लागतो.

नावांत घोळ असतो. पाकिस्तानी पासपोर्टवर एक स्पेलिंग, व्हिसावर दुसरं, इथल्या शाळेत तिसरं. आधी एक कागद प्रमाण मानून बाकीच्यांसाठी प्रतिज्ञापत्र करा. अर्ज गेल्यावर हे दुरुस्त करणं जड जातं. पुढे जिल्हास्तरीय समिती मूळ कागद पाहते आणि एकनिष्ठतेची शपथ देते. तिथं अर्जदार स्वतः हजर हवा. वयस्क माणसांना घेऊन जाणारं कुणीतरी पंचायतीनं नेमावं, कारण वाजवी संधी देऊनही अर्जदार हजर झाला नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

तोवर व्हिसाची मुदत संपू देऊ नका. या व्हिसावर 2016 पासून बँक खातं, पॅन, आधार आणि वाहन परवाना मिळतो. 2014 नंतर आलेल्यांना ही नवी वाट नाही. त्यांनी व्हिसा चालू ठेवून नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 किंवा 6 खाली अर्ज करायचा असतो. त्यात भारतात किती वर्षं राहिलात ते मोजलं जातं, म्हणून प्रत्येक नूतनीकरणाची प्रत जपून ठेवा.