‘अ लव्ह सुप्रीम’चा शेवटचा भाग : आलाप की पठण?

प्रश्न : वरातीच्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकतच आम्ही सोलापूरकर मोठे झालो. अलीकडे एका मित्राच्या आग्रहावरून अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम ऐकला. त्याच्या चौथ्या आणि शेवटच्या भागात ठेका नाहीसा होतो व सॅक्सोफोन संथपणे बोलत राहतो. आपल्याकडे आलाप आधी असतो आणि लय पुढे वाढत जाते. मग येथे क्रम उलटा का? आणि हा भाग आयत्या वेळी सुचलेला आहे की आधी बसवलेला? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कानाला तसे वाटले, तरी हा आलाप नव्हे, हे पठण आहे. कोल्ट्रेन यांनी ईश्वराला उद्देशून लिहिलेली एक कविता अल्बमच्या वेष्टनात छापलेली आहे, आणि तिचेच शब्द ते टेनर सॅक्सोफोनवर अक्षरामागून अक्षर वाजवत जातात. संगीताभ्यासक लुइस पोर्टर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात ही जुळणी तपशिलाने दाखवली. ईश्वराचे आभार मानणारी ओळ कवितेत वारंवार येते, आणि ती आली की सूर बहुधा खाली उतरून षड्जावर थांबतो. बँडवाला चित्रपटगीत वाजवतो तेव्हा आपल्याला त्यातले शब्दही ऐकू येतात, कारण ते आपल्याला पाठ असतात. येथेही वाद्य गळ्याच्याच जागी आहे, फक्त शब्द आपल्या ओळखीचे नाहीत. म्हणून कविता समोर ठेवून ऐकावे. ठेका नसला तरी ड्रमवादक एल्विन जोन्स स्वस्थ बसलेले नाहीत; मागे घुमतात ती त्यांची टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखी मोठी तालवाद्ये.

क्रम पूर्णपणे उलटा आहे, असेही नाही. अल्बमची सुरुवात गाँगच्या नादावर, तालाविनाच होते आणि मग जिमी गॅरिसन यांचा बेस, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, चार स्वरांची आकृती धरतो. आपल्या कानाला खरा धक्का बसतो तो पुढे. ही छोटी आकृती कोल्ट्रेन बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतात. ज्याच्या मनात तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो, त्याला प्रथम हे भरकटणेच वाटेल. त्यानंतर तीच आकृती अल्बमच्या नावाचे शब्द घेऊन गळ्यातून येते, आणि शेवटी एक पूर्ण स्वर खाली सरकून दुसऱ्या भागाच्या पट्टीला जाऊन मिळते. लयीचा कळस तिसऱ्या भागात आहे : ड्रमच्या एकल वादनाने सुरू झालेला हा द्रुत भाग एकट्या बेसवर येऊन निवतो आणि तेथूनच पठणाला जागा होते. मॅकॉय टायनर यांचा पियानो या तिसऱ्या भागात अवश्य ऐकावा. आमच्या मते सॅक्सोफोनच्या तेजापुढे त्याच्याकडे उगीच दुर्लक्ष होते.

सुमारे ३३ मिनिटांचा हा अल्बम न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ९ डिसेंबर १९६४ रोजी एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित झाला. दुसऱ्या दिवशी आर्ची शेप यांचा सॅक्सोफोन आणि आर्ट डेव्हिस यांचा बेस जोडीला घेऊन पहिला भाग पुन्हा वाजवून पाहिला गेला. मात्र अल्बमवर आले ते कोल्ट्रेन, टायनर, गॅरिसन आणि जोन्स या चौघांचेच वादन.