आधी द्राक्षाची जात, मग जमीन, इमारत सर्वांत शेवटी : लेट दांपत्याची वायनरी

दिंडोरीजवळच्या तीन एकरांत आपण पतिपत्नींनी लहानशी वायनरी काढायचे ठरवले आहे. त्यासाठी दोघांनीही नोकरी सोडावी का आणि अन्यत्र एखाद्या जोडप्याने हे कसे साधले, असे आपण विचारले आहे. मी मूळचा निफाड तालुक्यातला. वडिलांची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग होती. गेली बरीच वर्षे मी अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ राहतो, म्हणून इथल्याच डेव्हिड आणि डायना लेट यांची हकिकत सविस्तर सांगतो. त्यांच्या कामाचा क्रम मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो.

डेव्हिड यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती आणि पुढे ते दंतवैद्य होणार होते. सॅन फ्रान्सिस्कोला आले असताना नापा खोऱ्यातली एक वायनरी त्यांनी पाहिली आणि दंतवैद्यक बाजूला ठेवून ते डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात द्राक्षशास्त्र शिकले. तिथे पिनो न्वार या द्राक्षाच्या एकाच जातीने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. ही जात पातळ सालीची आणि लवकर पिकणारी आहे. उष्ण प्रदेशात तिच्यात साखर झपाट्याने भरते, पण सुगंध तयार होण्याआधीच आम्लता उतरते. म्हणून तिला असे थंड ठिकाण लागते, जिथे ती हंगामाच्या अगदी शेवटी, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, जेमतेम पिकते. युरोपात काही महिने हिंडून हे ताडून पाहिल्यावर त्यांनी ऑरेगनमधले विलामेट खोरे निवडले. तिथे थंडी आणि पाऊस फार असल्याने द्राक्षे पिकणार नाहीत, असे त्यांना जाणकारांनी बजावले होते.

1965 च्या जानेवारीत ते द्राक्षवेलींच्या सुमारे 3,000 काड्या घेऊन ऑरेगनमध्ये आले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची जमीनही नव्हती. कॉर्व्हॅलिसजवळ भाड्याच्या जागेत काड्यांना मुळे फुटेपर्यंत ते जमीन शोधत राहिले आणि पुढच्या वर्षी डंडीच्या टेकड्यांवर, लाल ज्वालामुखीय मातीत, प्रून फळांची एक जुनी बाग त्यांना मिळाली. त्याच सुमारास डायना यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि रोपवाटिकेतली कलमे उपटून या उतारावर लावण्यातच नवदांपत्याचा मधुचंद्र गेला. बागेच्या माथ्यावरच्या फर वृक्षात बाजांच्या एका जोडीचे घरटे होते; त्यावरून वायनरीचे नाव ‘आयरी’ म्हणजे शिकारी पक्ष्याचे घरटे असे पडले. या बागेला सिंचन दिले जात नाही. उन्हाळाभर कोरड्याने गेलेल्या वेलींना पाहताना, ठिबकाशिवाय बागेची कल्पनाही न केलेल्या माझ्यासारख्याला अजून नवल वाटते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. लागवडीपासून पहिल्या वाइनपर्यंत पाच वर्षे गेली, आणि त्या काळात डेव्हिड महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांचे विक्रेते म्हणून नोकरी करत होते. 1970 चा पहिला हंगाम आला तेव्हाही त्यांनी नवी इमारत बांधली नाही. मॅकमिनव्हिल गावातल्या कोंबड्या-टर्कींवर प्रक्रिया करणाऱ्या एका जुन्या कारखान्यात टाक्या मांडल्या. ती पहिली पिनो न्वार इतकी फिकट निघाली की तिला त्यांनी ‘स्प्रिंग वाइन’ म्हणून विकले. मात्र 1975 च्या हंगामातली त्यांची ‘साउथ ब्लॉक’ नावाची वाइन 1979 मध्ये पॅरिसच्या मोठ्या वाइन-चाचणीत पिनो न्वारच्या गटात पहिल्या दहांत आली. फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचे नामवंत वाइन व्यावसायिक रोबेर द्रूआँ यांनी 1980 मध्ये तिथल्याच बोन गावी पुन्हा तुलना घडवली, तेव्हा ती द्रूआँ यांच्याच 1959 च्या वाइनपेक्षा अवघ्या 0.2 गुणाने मागे राहून दुसरी ठरली. 1987 मध्ये द्रूआँ कुटुंबाने डंडीच्याच टेकड्यांवर जमीन घेतली. डेव्हिड 2008 मध्ये वारले. त्याआधीच मुलगा जेसन यांनी काम हाती घेतले होते.

यातले काय घ्यावे हे मात्र नीट पारखावे लागेल. नाशिकचे गणित विलामेटच्या उलट आहे. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) करावी लागते. आणि काढणी वाढत्या उन्हात, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. पिनो न्वारच्या मागे लागून आपल्याला काही मिळणार नाही. शेनिन ब्लाँ आणि शिराझ या जाती आपल्या भागात रुजलेल्या आहेत, आणि माझे मत शेनिनकडे झुकते, कारण उष्णतेतही तिची आम्लता बऱ्यापैकी टिकते.

एकरी चार ते पाच टन उत्पन्न धरले, तर तीन एकरांत बारा ते पंधरा टन द्राक्षे होतील. टनाला साधारण 600 लिटर वाइन, म्हणजे सुमारे 800 बाटल्या निघतात; सगळी द्राक्षे स्वतः वापरली तर दरवर्षी दहा हजारांच्या घरात बाटल्या विकाव्या लागतील. त्यामुळे पहिले दोन हंगाम द्राक्षे चालू वायनरीला विकावीत आणि थोड्याच मालाची वाइन तिथल्या टाक्यांत भाड्याने करून पाहावी. परवान्याची पूर्तता उत्पादन शुल्क विभागाकडे आधी तपासून घ्यावी. आणि दोघांपैकी एकाची नोकरी, पहिल्या हंगामाच्या बाटल्यांचे पैसे हातात पडेपर्यंत, सोडू नये.